प्लग काढू नका

कोणाचा वाजवायचा कीबोर्ड बिघडून समोर आला की अंकल तो लगेच चालू करत नसत. रुसलेल्या बटनावर करंगळी ठेवायची, मान तिरकी करून कान जवळ न्यायचा आणि बटन हळूच दाबायचं. मग गिऱ्हाइकाकडे बघत म्हणायचं, "बटन मरत नाही साईं, रुसतं."

नवा माणूस हे ऐकून हसायचा. आम्ही जुने लोक हसत नव्हतो, कारण आता प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक असायचं. "आत काय आहे?"

तुमच्यापैकी ज्यांनी असा कीबोर्ड फक्त लांबून, मांडवात पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या हाताने सूर धरला की त्यात ढोलकी, बेस, सगळी साथ आपोआप सुरू होते. आपण वाजवलेलं गाणं आत साठवूनही ठेवता येतं. एखादं बटन दाद देईनासं झालं की बरेच दुरुस्तीवाले सरळ रिसेट करून मोकळे होतात. त्याने कधी बटन सुधारतं, कधी नाही, पण आत साठवलेलं सगळं नक्की पुसलं जातं. अंकल हा उपाय अगदी शेवटी करायचे आणि त्याआधी "आत काय आहे?" हे पुन्हा पुन्हा विचारायचे. कोणी "काही नाही" म्हटलं तर म्हणायचे, "नीट आठव. मागून रडायचं नाही."

मी बदलापूरचा, मांजर्लीत राहतो. दिवसा अंबरनाथच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि लग्नसराईत हळदीला कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडची हळद म्हणजे नवरदेवापेक्षा पाहुणेच जास्त पिवळे. त्यातला प्रत्येक जण फर्माईश घेऊन येतो आणि बोलता बोलता एखादं बटन दाबून जातो. एका हळदीत माझ्या कीबोर्डाचं स्टार्टचं बटन बंद पडलं आणि मी ठेक्याशिवाय वाजवत बसलो. नवरदेवाच्या मामांनी समोर येऊन "झोप आली का?" असं विचारलं, तेव्हा मी अंकलचा पत्ता शोधला.

उल्हासनगरातल्या एका जुन्या बराकीत पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. अंकलनी माझा कीबोर्ड उलटा करून खोलला, बटनाखालचं रबर उचललं. खाली सगळं पिवळंधमक.

"याची पण हळद झाली की," अंकल म्हणाले. "आता वऱ्हाड कुठे आहे?"

स्पिरिटमध्ये कापूस बुडवून त्यांनी एकेक ठिपका पुसला. तो पिवळा कापूस त्यांनी टाकला नाही, टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिला. पुढे कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत होते आणि मला बघितलं की "आला नवरदेव" म्हणत होते.

एकदा कर्जतकडचे एक भजनीबुवा आले. त्यांच्या कीबोर्डाचं एकही बटन चालत नव्हतं. बुवांनी घरी नारळसुद्धा फोडून पाहिला होता. पॅनलला लॉक लागलंय, म्हणजे चुकून सगळी बटनं एकदम बंद केली गेलीत, हे मला लांबूनही दिसत होतं. अंकलना तर पहिल्या नजरेत कळलं असणार. तरी त्यांनी दोन स्क्रू काढले, आत फुंकर मारली, हं हं केलं, स्क्रू पुन्हा लावले आणि मग कुठे हळूच लॉक काढलं. बुवा गेल्यावर मी हसू लागलो, तर म्हणाले, "एवढ्या लांबून डोक्यावर घेऊन आला. लगेच झालं असतं तर बिचाऱ्याला स्वतःचीच लाज वाटली असती."

मी त्या दुकानात इतका का रेंगाळायचो, याचं खरं कारण कीबोर्ड नव्हतं. सिंधी घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात. पडद्याआडून आंटींचा बांगड्या भरलेला हात यायचा आणि त्या हातात भाजलेला पापड. आंटी पुढे फारशा येत नसत. पण आत त्यांचा स्वतःचा एक कीबोर्ड होता, वाजवताना पट्ट्यांखाली दिवे लागतात तसला. दुपारी त्या त्यावर काहीबाही वाजवत असायच्या. सूर चुकला की अंकल इकडून खाकरायचे, आणि तिकडून तीच ओळ मुद्दाम पुन्हा चुकीची वाजायची.

मग एका पावसाळ्यानंतर मी गेलो तर पापड घेऊन अंकलच बाहेर आले. एका बाजूने करपलेला, दुसऱ्या बाजूने कच्चा. आंटी गेल्या होत्या. एका सकाळी उठल्याच नाहीत. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. अंकलनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं काय बिघडलंय?"

त्यानंतर त्या दुकानात बसताना मला नेहमी वाटायचं की आत कोणीतरी आहे. पडदा थोडा सरकलेला असायचा आणि आतल्या अंधारात एक छोटा लाल दिवा दिसायचा. तो आंटींच्या कीबोर्डाच्या अडॅप्टरचा होता. प्लग कायम लावलेला. अंकल बोलता बोलता थांबायचे, त्या दिव्याकडे बघायचे आणि पुन्हा बोलू लागायचे. शुक्रवारी तिकडे लाईट जाते. लाईट गेली की ते हातातलं काम टाकून आत जायचे, इन्व्हर्टरवर दिवा पेटलेला दिसला की परत यायचे. संध्याकाळी दुकानात जास्त आवाज झाला तर म्हणायचे, "हळू बोला जरा." आत कोण झोपलंय, हे विचारायची हिंमत कोणाला नव्हती.

अशाच एका शुक्रवारी, रस्त्यावरची सगळी दुकानं अंधारात असताना, त्यांनी मला आपणहून सांगितलं.

लेकीचं लग्न ठरलं होतं. सिंधी लग्नात बायका लाडा म्हणतात, म्हणजे लग्नाची गाणी. आंटी गुपचूप एक लाडा वाजवून कीबोर्डात साठवत होत्या, संगीताच्या दिवशी लेकीला ऐकवायला म्हणून. त्या दिवशी दुकानात सकाळपासून कटकट झाली होती. अंकलना भूक लागली. त्यांनी पडद्याजवळ येऊन हाक मारली, "रोटी टाक." आंटी गाणं अर्ध्यावर सोडून उठल्या. ठेका तसाच वाजत राहिला, आत साठत राहिला.

"दिवसभर हेच ऐकतो ना मी," अंकल म्हणाले. "टकटक, टकटक. डोकं फिरलं. आत गेलो आणि हे असं बटन दाबलं." त्यांनी अंगठा टेबलावर दाबून दाखवला.

ठेका थांबला आणि ते चालू-बंदचं बटन कायमचं गेलं. बाकीची बटनं ठीक होती. गाणं निवडता यायचं, पण सुरू करता येत नव्हतं. आंटी भांडल्या नाहीत. "बटन रुसलं," एवढंच म्हणाल्या, "आता तुम्हीच मनवा." अंकल म्हणाले, "उद्या करतो." तशा कीबोर्डात वीज गेली की गाणं जातं. म्हणून आंटींनी बजावून ठेवलं, "तोवर प्लग काढू नका."

अंकलचा तो उद्या रोज पुढे गेला. साऱ्या गावाचे कीबोर्ड टेबलावर येत राहिले, घरचा आत पडून राहिला. लग्नाच्या आधीच आंटी गेल्या.

"मग आता तरी करा ना," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. कीबोर्डातले सेल कधीच गळून गेले होते, सगळं त्या एका अडॅप्टरवर तगून होतं. चालू विजेवर खोलायचा आणि तार जरा जरी चुकीच्या जागी लागली, तर आतलं सारं जाणार. "उघडलं तर जाईल. नाही उघडलं तर ऐकता येत नाही," ते म्हणाले. मी करतो म्हटलं, तर म्हणाले, "बघू." मला विचाराल तर हात थरथरतो हे निमित्त होतं. त्या गाण्याच्या शेवटी काय आहे, हे त्या घरात फक्त त्यांना माहीत होतं, आणि मला त्यांची फार कीव आली.

आता तिथे ती बराक नाही, इमारतीचं काम चालू आहे. अंकलही नाहीत. बराक पाडायची ठरली तेव्हा लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि तिथेच ते गेल्याचं मला एका ढोलकीवाल्याकडून कळलं. मी त्या बाजूला गेलो की अजून दुकानाची जागा शोधतो. पण मला अंकल आठवतात ते घर सोडायच्या आदल्या दिवशीचे.

सकाळी त्यांचा फोन आला. "उद्या मीटर काढतात. येतोस?"

मी दुपारी पोचलो. घर रिकामं झालं होतं. एक खाट, ते टेबल, कीबोर्ड आणि पडदा तेवढा राहिला होता. अंकलनी स्वतः, वेळ घेऊन, प्लग न काढता स्क्रू काढले. वरची बाजू मी अलगद उचलून धरली, मग त्यांनी मला बटनाखालचे दोन ठिपके दाखवले, तारेने जोडले की बटन दाबल्यासारखंच, आणि तार माझ्या हातात दिली. मग ते खाटेच्या कडेवर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"मोबाईलवर रेकॉर्ड करून घेऊ का?"

"नको. एकदाच ऐकायचंय."

 मी दोन ठिपक्यांना तार लावली. ढोलकी सुरू झाली आणि पट्ट्या उजळू लागल्या.

असा कीबोर्ड आवाज साठवत नाही. कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली, एवढंच साठवतो. त्यामुळे बोटं नव्हती, फक्त त्यांचं दाबणं होतं. एक पट्टी लागायची, विझायची, पुढची लागायची. एका ओळीत सूर चुकला. दिवे क्षणभर थांबले आणि तीच ओळ पुन्हा, बरोबर आली. अंकल खाकरले नाहीत. दुसरं कडवं सुरू झालं, अर्ध्यापर्यंत आलं आणि सगळे दिवे विझले. ढोलकी एकटीच वाजत राहिली.

"मी हाक मारली," अंकल म्हणाले.

रिकाम्या खोलीत तो ठेका फार मोठा वाटत होता. मला ते सहन होईना. "थांबवू का?"

"नको. आता मी येईन."

ते पडद्याकडे बघत होते. मीही बघू लागलो. ठेका चालू राहिला. कोणीतरी पीठ मळावं, तवा तापावा, एवढा वेळ चालू राहिला आणि मग मध्येच, ताल पुरा न होता, तुटला.

पडदा हलला नव्हता. अंकलनी मांडीखालून उजवा हात काढला आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. लाल दिवा अजून पेटलेला होता.

"प्लग तू काढ साईं," ते म्हणाले. "मी एकदा बंद केलंय."