परक्या बाईचा दगड

जपानमधल्या त्सुकुबातल्या संशोधन संस्थांच्या इमारती संपल्या की भातशेती लागते. आमचं घर त्या सीमेवर. शेतांपलीकडे एक जुनं बौद्ध मंदिर आहे आणि मंदिरामागे गावाची दफनभूमी. तिथे मी पहिल्यांदा गेले ती शेजारच्या आजींची पाण्याची बादली उचलायला. त्यांचे गुडघे दुखायचे, आणि पितरांच्या दिवसांत घराण्याच्या थडग्यांचे दगड धुवायलाच हवेत असा त्यांचा हट्ट.

ओळीने सगळे दगड धुऊन झाले, तरी आजी कोपऱ्यातल्या एका बुटक्या दगडापाशी थांबल्या. त्यावर एक अक्षरही नव्हतं. त्यांनी तोही घासला, आणि डब्यातला गोड भाताचा एक लाडू त्याच्यापुढे ठेवला.

"हे कोण, आजी?"

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई नव्या नवरी होत्या तेव्हा एक बाई दारोदार सुया-दोरे विकत आली. तापाने फणफणली होती. आमच्याच ओसरीवर तिने प्राण सोडला. नाव-गाव सांगायला शुद्धच नव्हती. गावकरी म्हणाले, वेशीबाहेर पुरा. सासूबाई कुणाशी वर डोळे करून बोलत नसत, पण त्या दिवशी म्हणाल्या, शेवटचं पाणी मी पाजलंय, ती आमच्यातच राहील."

मी आजींबरोबर तिथे गेले त्याच वर्षी माझी आई पुण्यात वारली होती. तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. अस्थीही नदीत सोडून झाल्या होत्या. हे मी कुणाशी बोलले नव्हते. त्या दिवशी आजींना मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं. त्यांनी पळी माझ्या हातात दिली. "घाल पाणी. इथे कोण कुणाचं, हे कुणी विचारत नाही." मी त्या कोऱ्या दगडावर पाणी घातलं आणि पुष्कळ रडले. आजी शेजारच्या दगडाच्या कडेचं गवत उपटत राहिल्या.

पुढची काही वर्षं आम्ही दोघी मिळून जायचो. मग ओसाकातल्या त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. इथे मागे बघणारं कुणी उरणार नव्हतं, म्हणून दगड काढून त्यांखालच्या अस्थी तिकडे हलवायच्या आणि जागा मंदिराला परत करायची असं ठरलं. असं हल्ली पुष्कळ घरं करतात.

त्या सकाळी मंदिरातल्या भिक्षूंनी मंत्र म्हटले, कामगारांनी एकेक दगड उचलला. कोपऱ्यापाशी येऊन मुलगा म्हणाला, "आई, हा इथेच बेवारस दगडांत ठेवू या. ती आपली कोण?"

आजींना आता वाकताच येत नसे. पण त्या सरळ मातीत बसल्या.

"तुझ्या आजीने तिला घरात घेतलं. मी तिला घराबाहेर काढू?"

मुलाने कोट काढून ठेवला. मग त्यानेच बाह्या वर केल्या आणि हातांनी माती उकरायला लागला. हाडांचं काही उरलं नव्हतं. त्याने काळी भुसभुशीत माती एका लहान मडक्यात भरली आणि आईच्या मांडीवर ठेवली. आजींनी मडक्यावरून हात फिरवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. मडकं त्यांनी सामानात ठेवू दिलं नाही.

महिन्याभराने फोन आला. तिकडे अस्थी एका उंच इमारतीत, कप्प्यांमध्ये ठेवतात म्हणे. सगळ्यांना मिळून एकच कप्पा घेतला होता.

"दाटीवाटी झाली असेल," मी म्हटलं.

"झालीय. पण खालीच मोठा बाजार आहे," आजी हसत म्हणाल्या. "ती विकणारी बाई. तिला करमेल." मग त्यांनी विचारलं, "आणि तू? देवळात जातेस ना?"

"जाते," मी म्हटलं. आमच्या कोपऱ्यात आता नुसतं गवत आहे. पितरांच्या दिवसांत मी तिथे जाऊन आईला पाणी घालते.