खालाची रदबदली

खाला कुणासाठीही रदबदली करायची. नळाला मोटार लावून अख्ख्या गल्लीचं पाणी ओढणाऱ्यासाठीसुद्धा! आम्ही त्याच्याविरुद्ध सह्या गोळा करत होतो, तर ही बाई सही करून वर म्हणाली, "मोटार काढा, पण बोंब नका मारू. त्याच्या पोरीचं लग्न जमतंय." मी भडकले. चुकणाऱ्यांची बाजू घेणारे आहेत म्हणूनच चुकणारे माजतात, हे तिला पत्रकाच्या भाषेत ऐकवलं. तिने चहा पुढे केला. "लीडर, पहले पी ले. थंड चहावर इन्किलाब होत नाय."

इंदिरानगरच्या पलीकडे, वडाळ्याच्या रस्त्याला आमची वस्ती. खाला, म्हणजे सगळ्या वस्तीची मावशी, दारात बसून रजया शिवायची. कुणाची सून रुसली, कुणाच्या पोराला बापाने घराबाहेर काढलं, की माणसं तिच्याकडे. ही डोक्यावर ओढणी घेऊन निघालीच! मी त्याला सरळ वशिलेबाजी म्हणायचे.

"वशिल्यात खोट्याचं खरं करतात," ती म्हणायची. "मी तर पहिलं सांगते, हा चुकलाय. मग म्हणते, सोडून द्या."

एकदा मी खोचकपणे विचारलं, "मग तुमच्या कयामतच्या दिवशीही असंच चालतं का?"

खालाची सुई थांबली. "आमचे हुजूर, पैगंबरसाहेब, उम्मतसाठी, त्यांना मानणाऱ्या सगळ्यांसाठी बोलणार त्या दिवशी. पण अल्लाहची इजाजत मिळाल्यावर. तिथं कुणाचा दबाव चालत नाय, पोरी. माफ करणारा तोच, आणि बोलायला उभं करणारा पण तोच." मग दोरा दाताने तोडत म्हणाली, "आणि हे लिही तुझ्या कागदावर. त्याच्याशी चुकले तर तो त्याचा नि माझा मामला. तुझं मन दुखवलं तर आधी तुझ्याच दारात यावं लागतं."

हे मला पटलं. तसं बोलून दाखवलं नाही. आमच्यात ती पद्धत नव्हती.

मग खालाचा हजला नंबर लागला. हजला जाण्याआधी दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ करा' म्हणायची रीत असते. खाला एकेक घर घेत निघाली. माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "लीडर, तुझ्या मागे तुला भोंगा म्हणाले. माफ कर."

"मागे कशाला? तोंडावरही म्हणालीस."

"मग दोनदा माफ कर."

एका दारापाशी मात्र तिचे पाय अडले. मंदाताईंचं घर. त्यांची गावाबाहेर फुलांची शेती. त्यांची रेखा नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती, तेव्हा जावयासाठी रदबदली करायला खालाच गेली होती. "रडून माफी मागतोय. सुधरलाय, मी सांगते ना!" खालाच्या शब्दावर मंदाताईंनी रेखाला परत धाडलं. ती आली ती हात मोडून, कायमची. तेव्हा मी खालाला नको नको ते बोलले होते, आणि त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही.  खालाने तेव्हापासून त्या दारावरून जाणं सोडलं होतं.

आता ती मला सोबत घेऊन तिथे उभी राहिली. मंदाताई म्हणाल्या, "मी कोण माफ करणार, खाला? हात माझा मोडला होता का? रेखा मळ्यात आहे."

मळ्यात रेखा गुलाब खुडत होती. खाला बांधावरच थांबली.

"रेखा, त्याची जबान घेतली मी. तुला विचारलंच नाय. चुकले बेटा."

रेखाने वर पाहिलं नाही. "राग आहे अजून, खाला. गेला की सांगते."

आणि माझं तोंड उघडलं! 'म्हातारी बाई आहे, एवढ्या लांब चाललीय, आता सोडून दे...' ज्या वाक्यांवर मी आयुष्यभर तुटून पडले, तीच ओठांवर आली. पण "रेखाताई" एवढंच बाहेर पडलं. खालाने माझं मनगट करकचून धरलं. "चूप. तिच्या रागात कुणाची सिफारिश नाय चालत. माझी पण नाय."

 परतताना वस्ती जवळ आल्यावर खाला एकदम हसली. "वशिला लावायला निघाली होती आमची लीडर!"

निघायच्या दिवशी बसपाशी ही गर्दी. खाला हारांत बुडालेली, नुसता चष्मा दिसत होता. बसचं इंजिन सुरू झालं, खाला पायरीवर चढली, तेवढ्यात रेखा स्कूटीवरून आली. पिशवीतून स्वतः ओवलेला गुलाबांचा हार काढून तिने खालाच्या गळ्यात घातला.

"राग थोडा उरलाय. तो माझा मी बघते. माझ्याकडून तुला माफ आहे, तू जा. फक्त यापुढे कुणाच्या नवऱ्याची हमी घ्यायची नाही."

"तौबा!" खालाने दोन्ही कानांना हात लावले. "नवरे सगळे अल्लाहच्या हवाली!"

बसमधल्या बायकासुद्धा हसल्या. खालाही हसली, आणि मग त्याच हारात तोंड लपवून रडली.

हजहून आल्यावर ती मालेगावला लेकाकडे राहायला गेली. वस्तीतली भांडणं आता माझ्याकडे येतात. "मिटवून टाका" म्हणणारी शहाणी माणसंही येतात. त्यांना मी पत्रक देत नाही. एवढंच विचारते, "जिला लागलंय, तिला विचारलंत का?" बहुतेकांचे पाय दारातच अडतात. खालाचेही अडले होते. पण ती मळ्यापर्यंत गेली.