दिवाळीतलं कोरडं डोकं

अड्याळला आमचं किराणा दुकान आहे. केसांच्या तेलाच्या बाटल्या मी गल्ल्यामागच्या फळीवरच ठेवते, कारण त्यांना मागणी जास्त. तरी एका दिवाळीत ते तेल विकणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी सून, कोरड्या डोक्यानं सण करत होतो.

सुनेला चाई पडली होती. आधी कानामागचे केस जाऊन रुपयाएवढा चट्टा, मग टाळूवर आणखी. तिनं दुकानात बसणं सोडलं. मी कामाला लागले. डॉक्टर कोणते, बस कुठली, विचारायचं काय, सगळं लिहून काढलं आणि तिला घेऊन नागपूर गाठलं.

तिथल्या एका दवाखान्यात चाईवर संशोधन सुरू होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की या आजारात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. एक नवं मलम तपासायचं होतं. काही जणांना ते मलम मिळणार, बाकीच्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. कोणाला काय मिळालं, हे शेवटपर्यंत रुग्णालाही कळणार नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. तोवर डोक्याला दुसरं काहीही लावायचं नाही, तेलसुद्धा नाही.

"हिच्या वाट्याला बिनऔषधाचं आलं तर?" मी विचारलं.

"मलम उपयोगी ठरलं, तर नंतर तेही मिळेल."

सुनेनं कागद दोनदा वाचला आणि सही केली.

आमच्याकडे बाईचं डोकं कोरडं राहतं ते सुतकात. तिच्या एकटीच्या डोक्याकडे सगळे बघत राहिले असते, म्हणून मीही तेल बंद केलं. गिऱ्हाईक बाया सोडतात थोड्याच! "काय वं काकू, सारं तेल आमालेच इकून टाकता का?"

"तुमच्या डोस्क्याले पुरत नाही, मग आमी काय करावं?" मी म्हणायची आणि सुटे पैसे हातावर ठेवायची.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. माझी मोठी नणंद नाकाडोंगरीहून माहेरपणाला आली, ती तेलाची बाटली घेऊनच. नरक चतुर्दशीच्या पहाटे तिनं पाट मांडला, वाटी भरली आणि आम्हा दोघींकडे बघून थबकली.

"काहून वं, घरात सुतक हाये का? सणाच्या दिवशी कोरडे डोस्के घेऊन फिरून राहिल्या!"

"आत्याबाई, माझं औषध सुरू आहे. तेल चालत नाही," सून म्हणाली.

"अवं, हे बी औषधच हाये. जंगलातल्या मुळ्या टाकून मी सोता कढवलं. संक्रांतीपावतर केस येतात का नाही पाय!"

मी मधे पडणार, एवढ्यात सून पाटावर बसली आणि तिनं हातपाय पुढे केले. "अंगभर लावा, आत्याबाई. पण डोक्याले लावलं, तर मी त्या तपासणीतून बाद होईन. मग माझ्यावरून कोणालेच काही कळणार नाही."

"दुनियेचा ठेका तुले कोनं देल्ला?"

"कोणी नाही. मीच सही केली."

नणंदेनं तिचे पाय असे रगडले, की सून कळवळली. "पाय तरी चमकू दे माय," नणंद पुटपुटली. डोक्याला मात्र तिनं हात लावला नाही.

संक्रांतीच्या सुमारास चट्ट्यांवर पांढरी लव दिसली. पुढे तीच काळी झाली. मी दुकानात येईल त्याला नागपूरच्या मलमाचे गुण सांगत सुटले.

संशोधन संपल्यावर आम्हाला बोलावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मलमात औषध नव्हतं. केस आपोआप आले. चाईत कधी कधी येतात. म्हणूनच हा दुसरा गट लागतो. मलम लावणाऱ्यांचे किती आले, ते याच्याशी ताडून बघायचं."

सुनेनं विचारलं, "म्हणजे दिवाळीत मी आत्याबाईंचं तेल लावलं असतं तर?"

"तर आज तेच तेल तुमच्या दुकानात असतं," त्या हसून म्हणाल्या.

असतंच. पुढच्या फळीवर मीच ठेवलं असतं, आणि चाई पडलेली प्रत्येक बाई ते घेऊन गेली असती.

आता सून पुन्हा गल्ल्यावर बसते. "कायनं आले वं तुये केस?" असं कोणी विचारलं, की "कायनंच नाही," असं म्हणते आणि सगळं पहिल्यापासून समजावते. चट्टे परत पडू शकतात, हेही लपवत नाही. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. एरवी कोणाला मिनिटभर ताटकळत ठेवलेलं मला खपत नाही. पण तिचं बोलणं सुरू असलं, की मी साखर तोलते आणि तिला बोलू देते.