सुरेखाच्या आईचं भुजं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तसं बघितलं तर सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय — एका डब्याची गोष्ट. कुणी मेलं नाही, कुणाचा संसार मोडला नाही. मग तरीही इतकी वर्षं मी ते लपवून का ठेवलं?

आधी आमच्याबद्दल सांगते. आम्ही चौघं — मी, नीलिमा, अभिजित आणि सुरेखा — नाशकात एकाच ऑफिसात लागलो, जवळपास एकाच सुमाराला. थंडी पडली की एका शनिवारी तंबू गाडीत टाकायचे आणि वैतरणेच्या काठावर मुक्कामाला जायचं, हे आमचं ठरलेलं. जेवण प्रत्येकानं घरून आणायचं, सगळं मध्ये मांडायचं आणि मिळून खायचं. कुणी काय आणायचं ते मी ठरवायची. तसं मला कुणी नेमलं नव्हतं. पण माझ्या हाताला चव आहे, मला हिशोबानं करता येतं, असं सगळ्यांचं मत — आणि मलाही ते आवडायचं. नीलिमा, तू भरली वांगी. अभिजित, तू चिकन मुरवून आण, तिथं भाजू. मी गुळाच्या पोळ्या. आणि सुरेखा — सुरेखा, तू काकड्या, टोमॅटो आणि कागदी प्लेटा.

दर वर्षी. काकड्या आणि प्लेटा.

सुरेखा पेठच्या पलीकडची. डोंगरातलं गाव, घरची नागली-वरईची शेती. आठवडाभर ती नाशकात खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला आईकडे जायची. पहिल्याच वर्षी तिनं ग्रुपवर विचारलं होतं, ‘मी भुजं आणि नागलीच्या भाकरी आणू का?’ भुजं म्हणजे भाजलेल्या काळ्या उडदाची दाट आमटी, त्यांच्याकडची खास. मी लगेच लिहिलं, ‘अगं, तू एसटीनं धडपडत येणार, कशाला ताप घेतेस? तू प्लेटा आण.’ त्यावर नीलिमानं हृदय टाकलं. सुरेखानं ‘थँक यू गं’ लिहिलं.

किती मायेचं वाटतं ना वाचताना? मलाही वाटायचं. म्हणजे — मी स्वतःला तसं वाटून घ्यायची.

मी पंचवटीतली. वडील यात्रेकरूंची पूजा सांगायचे. पण सोवळं-ओवळं मी कधीच सोडलं होतं, ते मी चारचौघांत अभिमानानं सांगायची. अभिजितनं भाजलेलं चिकन मी बोटं चाटून खायची. हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर, कुणी रांधलंय याची चौकशी न करता जेवायची. म्हणजे धर्माची, उपासाची सबब मला नाही. मग काय होतं ते? मी त्याला कधी नाव दिलं नाही. नाव दिलं असतं तर ते माझ्यात आहे हे मान्य करावं लागलं असतं.

एकदा आम्ही तिच्या घरी गेलो होतो. सापुताऱ्याहून परतताना वाट वाकडी करून थांबलो. सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, तिची आई लगबगीनं भाकरी थापायला बसलेली. नीलिमा आणि अभिजित मांडी घालून जेवले. मी म्हणाले, माझं पोट बिघडलंय. माझं पोट ठणठणीत होतं. पण त्या माउलीचे हात, ती परात, तो चुलीजवळचा काळा पडलेला हंडा — मी बघत राहिले आणि माझा घास आधीच अडला. आमच्या स्वयंपाकघरातही तसाच काळा पडलेला हंडा होता, हे मला तेव्हा का आठवलं नाही?

पुढच्या थंडीत सुरेखानं विचारलंच नाही. काकड्या आणल्या, प्लेटा आणल्या आणि पिशवीतून एक मोठा स्टीलचा डबा काढला, फडक्यात बांधलेला. चेहरा नुसता फुललेला. “आईनं पहाटे उठून भुजं केलंय,” म्हणाली. “ऐकेचना. म्हणाली, तुझ्या मैत्रिणींना ने.”

अभिजित लाकडं गोळा करत होता, नीलिमा तंबूच्या दोऱ्या ताणत होती. ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हणाले, “आण इकडे, मी गरम करते.” आणि डबा घेऊन दगडांच्या आडोशाला, जिथं आमची शेगडी मांडली होती, तिथं गेले.

झाकण उघडलं. खरं सांगते — वास सुंदर होता. खमंग भाजलेल्या उडदाचा, लसणाचा. तोंडाला पाणी सुटलं माझ्या. आणि त्याच क्षणी कळलं की आता हे सगळ्यांच्या पानात वाढलं जाणार, सगळे वाहवा करणार आणि सुरेखा माझ्याकडे बघणार. इथं पोट बिघडल्याचं सांगता येणार नाही. माझ्या पोळ्या तर मी खाणारच होते.

मी फक्त खाल्लं नसतं तरी चाललं असतं. कुणी जबरदस्ती केली नसती. पण माझ्या पानाकडे कुणी बघायला नको, म्हणून मी ते कुणाच्याच पानात जाऊ दिलं नाही. दगडामागे गेले, डबा उपडा केला आणि पायानं वर माती लोटली.

मग परत आले आणि म्हणाले, “सुरेखा, आंबलं गं. एसटीत तापला असेल डबा.”

तिनं एकदाही शंका घेतली नाही. चव घेऊन बघितलीस का, असंही विचारलं नाही. तिचा चेहरा पडला — आणि मग ती मलाच म्हणाली, “बरं झालं तू बघितलंस. कुणाला बाधलं असतं म्हणजे!” पाण्याशी जाऊन तिनं तो डबा घासला. बराच वेळ घासत होती. डब्याबरोबर आईनं नागलीच्या भाकरीही दिल्या होत्या, त्यातली एक अभिजितनं उचलली, चिकनबरोबर खाल्ली आणि दुसरी मागितली. नीलिमानंही खाल्ली. त्यांना काहीच अडलं नाही. म्हणजे ते फक्त माझ्यात होतं. ‘आपल्याकडे असंच असतं’ असं म्हणायलाही मला जागा उरली नाही.

जेवणानंतर तिच्या आईचा फोन आला. सुरेखा थोडी लांब जाऊन बोलत होती, पण उघड्यावर आवाज पोचतो. “हो आई. सगळ्यांनी खाल्लं. डबा पुसून खाल्ला.”

इथं संपलं असतं तरी पुरे होतं. नाही का?

पुढे तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन नाशकात झालं. मी भेटायला गेले, शहाळं घेऊन. एका डोळ्यावर पट्टी, तरी आवाजावरून तिनं मला ओळखलं. माझा हात धरला आणि सोडलाच नाही. “तू घरी आली तव्हा काय बी खाल्लं नाय,” म्हणाली. “माझ्या जिवाला लय लागलं व्हतं. मंग भुजं धाडलं, तुझ्यासाठीच. आवडलं ना?”

माझ्यासाठी.

पलीकडे सुरेखा उभी होती. तिनं मान खाली घातली. मी म्हणाले, “हो मावशी. फार छान झालं होतं.” म्हातारी हसली. हात तसाच धरून बसली.

निघताना सुरेखा मला जिन्यापर्यंत सोडायला आली. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, “तिला खरं सांगवलं नाही गं मला. तू सांभाळून घेतलंस. विसरणार नाही मी.” आणि तिनं मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. तेव्हा सांगू शकले असते. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. मी थोपटत राहिले.

त्यानंतर सुरेखानं कधी काही शिजवून आणलं नाही. आम्ही अजून जातो, दर थंडीत. तिची आई आता थकली आहे, चुलीपाशी बसवत नाही तिला. मी ते भुजं कधीच खाल्लं नाही आणि त्या हातचं आता मिळणारही नाही — पण हे माझं नुकसान म्हणून सांगत नाहीये. माझं नुकसान मोजायची ही जागा नव्हे.

गेल्या वेळी ऑफिसातली एक नवी मुलगी, तन्वी, आमच्याबरोबर आली होती. सगळं मांडून झाल्यावर तिनं सहज विचारलं, “सुरेखाताई, तुमच्या गावचं काही खास नसतं का? तुम्ही का नाही आणत?”

सुरेखा काकडी चिरत होती. हसून म्हणाली, “आमच्याकडचं टिकत नाही गं. लगेच आंबतं.”

मी तिच्या शेजारीच बसले होते. तन्वीनं माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. मी पोळ्यांचा डबा उघडला आणि तिच्या पुढे केला.