आगळात भिजवलेला पाव

"आजी, माझं पोट फुटलेलं नाही. हे बघ," म्हणत नातीने खिडकीतली प्लॅस्टिकची पिशवी माझ्यासमोर धरली. तोंड घट्ट बांधलेलं, थेंबही सांडला नव्हता. मोरीतली काळपट लाल घाण तिचीच समजून मी दोन तांबे पाणी ओतून ती धुऊन टाकली होती आणि तिला नको नको ते बोलले होते. मग ती घाण कोणाची? घरात आम्ही तिघंच. नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

ते पोट शाळेच्या प्रयोगाचं होतं. पिशवीत पाव कुस्करायचा, आंबट काहीतरी ओतायचं आणि पिशवी मळत राहायचं, म्हणजे पोटात अन्नाचं काय होतं ते दिसतं. बाईंनी लिंबू सांगितलं होतं. लिंबू नव्हतं, म्हणून मी गावाहून आलेलं कोकमाचं आगळ दिलं. काळाचौकीतल्या आमच्या चाळीत आगळाची बाटली नसलेलं घर शोधावं लागेल. तासाभरात पावाचा काळपट लाल चोथा झाला. मोरीतही तसंच दिसल्यावर मला दुसरं काय सुचणार?

"अहो, तुम्हाला उलटी झाली?"

"काय नाय गो. पित्त पडलां जरासां."

"आणि मी पोरीला बोलत होते ते ऐकत पडलात?"

"तुझ्या मधे कोण बोलात?"

हात लावला तर अंग गार आणि घामाने चिंब. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने विचारलं, "उलटीचा रंग कसा होता?"

"आगळात भिजवलेल्या पावासारखा."

त्याला आगळ ठाऊक नव्हतं. तेवढ्यात नातीने दप्तरातून ती पिशवी काढली. कधी घेतली होती, मला माहीत नाही.

"अगदी असं?" डॉक्टरने विचारलं.

"अगदी अस्संच."

त्याने हाक मारून माणसं बोलावली. पोटात जखम होती, रक्त वाहत होतं. गुडघ्यांसाठी नवरा रोज सकाळी दुखण्याची गोळी घ्यायचा, नुसत्या कोऱ्या चहावर. गिरणीत होता तेव्हापासून सकाळी पोटात चहाशिवाय काही जात नसे. गोळी त्याच्या हातावर मीच ठेवायचे. हेही डॉक्टरला मीच सांगितलं.

बाहेर बाकावर मी नातीला म्हटलं, "मघाशी चुकलं माझं."

ती म्हणाली, "जाऊ दे. पण आजी, पोटातलं आम्ल पोटालाच कसं खात नाही गं?"

"खातं. बरे झाले की विचार आजोबांना."

त्याला दोन बाटल्या रक्त चढवलं. सहाव्या दिवशी तो प्रत्येक पायरीवर थांबत, मला हात लावू न देता जिना चढून घरी आला. माझा नवरा वाचला.