चारशे मीटरच्या पुढे

फौजेतली शेवटची सहा वर्षं मी रंगरुटांना रायफल शिकवली. पोरं मला उस्ताद म्हणायची. आवाज मोठा आणि जीभ तिखट, त्यामुळे माझ्या वर्गात कुणी पेंगत नसे. पहिला धडा ठरलेला होता : या रायफलीची कारगर रेंज चारशे मीटर. म्हणजे साध्या जवानानं श्वास रोखून नेम धरला, तर तिथवर माणूस टिपता येतो. त्यापुढे गोळी खाली येत जाते, वारा तिला ढकलतो, आणि गोळी बारीक असल्यानं तिचा जोरही लवकर सरतो.

एकदा जळकोटकडच्या एका पोरानं विचारलं, "उस्ताद, मंग सातशेवर?"

मी हदगावचा. हा आपल्या मराठवाड्याचा म्हणून त्याला जरा जास्तच चिडवायचो. खरं उत्तर लांबलचक होतं. मशीनगनची जाड गोळी सातशेवरही माणूस आडवा करते. बारीक गोळीचा नेम तिथे लागत नाही, पण चुकून लागली तर तीही जीव घेते. हे सगळं मला पाठ होतं. पण जेवणाची वेळ झाली होती. "सातशेवर उभं राहून चहा पी," मी म्हणालो. वर्ग खो खो हसला. मला लोक हसलेले फार आवडतात, हा माझा जुना रोग आहे. पुढच्या प्रत्येक वर्गात मी तेच वाक्य टाकत गेलो आणि खरं उत्तर सांगायचं राहूनच गेलं.

निवृत्त होऊन गावी आलो, कापूस-सोयाबीन बघू लागलो. यंदाच्या उन्हाळ्यात मोबाईलवर त्या पोराची बातमी आली. सीमेवर गोळी लागून गेला. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं कळत होतं. मी विहिरीवरची मोटार बंद करायला गेलो, घरी येऊन जेवलो आणि झोपलो. असा महिना गेला. मग एक दिवस नांदेडमार्गे एसटीनं जळकोट गाठलं.

त्याचे वडील ओसरीवर सोयाबीनचं बी निवडत बसले होते. मी कोण ते सांगितलं, तसे ते सरकून बसले.

"तुम्हीच व्हय उस्ताद? लई नाव घ्यायचा तुमचं."

मग त्यांनी त्याच्या सोबत्यांकडून ऐकलेलं सांगितलं. समोरची टेकडी सातशे मीटरवर होती. तिकडून मधूनमधून गोळीबार चालायचा. सगळे भिंतीआड बसून चहा पीत, हा मात्र पेला घेऊन उभा राही. खाली बस म्हटलं की हसायचा आणि म्हणायचा, आमच्या उस्तादांनी सांगितलंय. त्या दिवशीही तो तसाच उभा होता.

माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. बाकी काही नाही.

"खरं हाय का ते?" त्यांनी विचारलं. "तेवढ्या लांबून गोळी मारत न्हाई?"

ज्याचा मुलगा गेला तो माणूस हे विचारत होता. टेकडीवर कोणतं हत्यार होतं, वारा कसा होता, हजारात एखादी गोळी कशी लागते, असं बरंच मला बोलता आलं असतं. मला फक्त तेवढंच येतं.

"मारते," मी म्हणालो. "मी पोरांना हसवायला तसं म्हणालो होतो."

ते बराच वेळ बी निवडत राहिले. फुटके दाणे बाजूला, चांगले सुपात. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अजून किती पोरांला सांगितलं असं?"

"त्याच्यानंतरच्या सगळ्या वर्गांना."

"ते सगळे तिकडंच हाईत?"

"हाव, असतील."

"मंग हितं बसून काय करायलात?" सूप बाजूला ठेवत ते म्हणाले. "फोन लावा त्यांला."

मी खिशातून फोन काढला. ते माझ्या हाताकडे बघत होते. वर्ग संपला की पोरांशी संबंध ठेवायचा नाही, हा माझा ताठा. माझ्याकडे एकाचाही नंबर नव्हता.