एकदाच धुतलेल्या पेशी

देवासहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी धारच्या घरी पोळ्या लाटत होते. "हे गेले गं..." एवढंच ती बोलली. रडू यायच्या आधी मला राग आला. महिना उलटला, तो अजून गेलेला नाही.

अविनाशदादा माझा मावसभाऊ. देवासच्या एका कॉलेजात शिकवायचा. दोन हजार सालानंतर, पन्नाशीला टेकलेला असताना, त्याला पीएच.डी.चं खूळ लागलं. वाळूत असते त्याच सिलिकाचे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे नॅनोकण पेशीच्या आवरणाचं काय करतात, हे त्याला पाहायचं होतं. पेशी अर्थात आमच्या. भाऊबीजेला धारला आला की ओवाळून होताच म्हणायचा, "आण हात इकडे." रक्ताची नळी बर्फाच्या थर्मासात घालून गडी संध्याकाळच्या बसने परत.

नळीत मिठाच्या पाण्यात रक्तपेशी आणि कण एकत्र ठेवायचे. पेशी तळाशी बसतात; आवरण फाटलं तर वरचं पाणी लाल होतं. ते लाल होईना. कण निरुपद्रवी आहेत, असं त्याने प्रबंधात लिहूनही दिलं. मग लक्षात आलं, पेशी तीनदा धुवायच्या असतात आणि हा एकदाच धूत होता. देवासमध्ये पाण्याच्या टँकरच्या रांगेत आयुष्य गेलेला माणूस. प्रयोगशाळेतही हात आखडताच. नीट धुतल्यावर नळी लालभडक झाली. आधी रक्तातली उरलेली प्रथिनं कणांना चिकटून बसत होती, म्हणून आवरण वाचत होतं. चूक झाली खरी, पण तिच्यातूनच त्याला खरी गोष्ट सापडली.

मार्गदर्शक सरांना ती नको होती. "भिया, पहलेवाला ही रहने दो, डिग्री हो जाएगी."

"सर, दोनों सच हैं," दादा म्हणाला. सरांनी सही केली नाही. हा वर्षानुवर्षं खेटे घालत राहिला. अरे, भांडायचं तरी, वर तक्रार करायची... तर म्हणे, "सर मनाने वाईट नाहीत गं."

शोकसभेत तेच सर "डॉक्टर साहब, डॉक्टर साहब" म्हणत गहिवरले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी वहिनी जागेवरूनच म्हणाली, "वो डॉक्टर नहीं थे, सर. आपने साइन नहीं की थी."

घरी परतल्यावर कुलूप उघडता उघडता तिने दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं. नावाच्या आधी एका अक्षरापुरती जागा कोरी होती. रंगवणाऱ्याला ती दादानेच सोडायला सांगितली होती.